आठ तासांची लघवी

"मॅडम, मला खोकला नाहीये. मग खोकल्याचं औषध कशाला?" आमच्या विभागात पहिल्यांदा येणारा जवळजवळ प्रत्येक स्वयंसेवक हे विचारायचा, आणि त्याचं विचारणं रास्तच होतं. धडधाकट माणसाला रात्री झोपताना डेक्स्ट्रोमेथॉर्फनचा ३० मिलिग्रॅमचा डोस द्यायचा, त्याआधी लघवीला जाऊन यायला सांगायचं, आणि मग पुढच्या आठ तासांत जितक्यांदा होईल तितक्यांदा लघवी एकाच प्लॅस्टिकच्या बाटलीत साठवून सकाळी घेऊन ये म्हणायचं. औषध त्याला बरं करण्यासाठी नव्हतंच. त्याचं शरीर औषधाचं काय करतं ते आम्हाला बघायचं होतं.

मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या क्लिनिकल फार्माकॉलॉजी विभागात माझी उमेदीची वर्षं या बाटल्यांत गेली. अशा औषधाला आमच्यात 'प्रोब' म्हणतात. यकृतातली एन्झाइम्स औषधांचं रूपांतर करतात, आणि प्रत्येक एन्झाइमच्या वाट्याला ठरावीक औषधं येतात. डेक्स्ट्रोमेथॉर्फन सिप २डी६ या एन्झाइमच्या वाट्याचं. ते त्याचं डेक्स्ट्रॉर्फन करून टाकतं. लघवीत मूळ औषध किती उरलं आणि डेक्स्ट्रॉर्फन किती तयार झालं, याचं गुणोत्तर काढलं की एन्झाइम कसं चाललंय ते कळतं. गुणोत्तर ०.३ च्या वर गेलं की माणूस मंद गटातला. मग त्याच एन्झाइमवर अवलंबून असलेल्या इतर औषधांचा अंदाज बांधायचा: मेटोप्रोलॉल, नॉरट्रिप्टिलीन, कोडीन, ट्रॅमाडॉल अशी मोठी यादी आहे. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय! वर्षं गेली तशी या म्हणीबद्दलची माझी कुरकुर वाढत गेली, पण त्याकडे नंतर येते.

हा विषय जन्मालाच आला तो एका संशोधकाला आलेल्या चक्करीतून. १९७५ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटल मेडिकल स्कूलमध्ये रॉबर्ट स्मिथ आणि त्यांचे सहकारी डेब्रिसोक्विन या रक्तदाबावरच्या औषधाचा अभ्यास करत होते. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी औषध स्वतःच घेतलं. सहकाऱ्यांना काही झालं नाही. स्मिथ यांचा रक्तदाब मात्र इतका कोसळला की उभं राहता येईना. लघवी तपासली तेव्हा दिसलं की बाकीच्यांच्या शरीरात औषधाचं रूपांतर झालं होतं, स्मिथ यांच्या शरीरातून ते बहुतांशी जसंच्या तसं बाहेर पडलं होतं. त्यांच्या गटाचा निबंध १९७७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्याच सुमारास जर्मनीत बॉनला मिशेल आयशेलबाउम यांना स्पार्टीन या औषधाच्या बाबतीत हाच प्रकार दिसला होता. दोन्ही औषधं एकाच एन्झाइमकडे जातात, हे पुढे उलगडलं.

विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट रंगवून सांगायचे आणि मग विचारायचे, चक्कर प्रमुखांना न येता एखाद्या कनिष्ठाला आली असती तर? "सकाळी काही खाल्लं नसशील," म्हणून त्याला बसवलं असतं, बिस्किटं दिली असती आणि विषय संपला असता. वॉर्डात हेच रोज चालतं. गोळी घेतल्यावर गरगरतं म्हणणाऱ्या पेशंटला आपण घाबरट म्हणतो, आणि वेदनाशामकाने काही फरक पडला नाही म्हणणाऱ्याला नाटकी. त्यांतले काही खरोखर घाबरट आणि नाटकी असतातही. सगळे नसतात.

पण इथल्या माणसाने फक्त लंडनची गोष्ट सांगावी हे मला खटकतं. मद्रासला १९५६ साली सुरू झालेल्या क्षयरोग केंद्रातल्या लोकांनी हा प्रश्न फार आधीपासून हाताळला होता. क्षयरोगावरचं आयसोनियाझिड काही पेशंटांच्या शरीरात भराभर निष्क्रिय होतं, काहींच्या शरीरात सावकाश. आपल्याकडे निम्म्याहून अधिक लोक सावकाश गटातले. पेशंट कोणत्या गटात बसतो ते ओळखायला त्यांनी सल्फाडिमिडिन हे साधं, स्वस्त सल्फा औषध वापरलं, आणि त्या चाचणीवरचा त्यांचा निबंध १९७० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. त्या काळी प्रोब वगैरे शब्द कुणाच्या तोंडी नव्हते, पण काम तेच.

मला त्या कामातली एक गोष्ट विशेष वाटते. सावकाश गटातल्यांना हातापायांना मुंग्या, बधिरपणा येण्याचा धोका जास्त. त्यावर पायरिडॉक्सिन देऊन भागतं. मग उपचाराच्या यशात फरक पडतो का? औषध रोज दिलं तर दोन्ही गट सारखेच बरे होतात. आठवड्यातून एकदाच द्यायची पद्धत वापरली तेव्हा मात्र भराभर गटातले मागे पडले. माणसं तीच, एन्झाइमही तेच, आणि फक्त वेळापत्रक बदललं की झाकलेला फरक उघडा पडतो. हे वाचल्यापासून कुणीही "अमुक इतके टक्के लोक मंद आहेत" असं सांगितलं की मी आधी विचारते, कोणत्या औषधासाठी, आणि ते कसं देणार आहात?

टक्केवारीचं आकर्षण आम्हालाही होतंच. युरोपीय वंशाच्या लोकांत २डी६ मंद असणारे शंभरात ५ ते १०, चीन-जपानकडे जेमतेम १. सिप २सी१९ चं नेमकं उलट: युरोपात २ ते ५, पूर्व आशियात १५ ते २०. आपण कुठे बसतो? चंदीगढच्या पीजीआयमध्ये, पुद्दुचेरीच्या जिपमेरमध्ये असं काम झालं, मुंबईतही झालं. २सी१९ च्या बाबतीत आपण पूर्वेकडे झुकतो, मंद लोक शंभरात दहाच्या पुढे जातात. याच एन्झाइममुळे क्लोपिडोग्रेल हे रक्त पातळ ठेवणारं औषध शरीरात कामाला लागतं. २०१० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याच्या माहितीपत्रकात ठळक इशारा घातला, तेव्हा आमच्या विभागाचा फोन काही दिवस सारखा वाजत होता. त्यानंतर हृदयरोगतज्ज्ञांनी आपला सोपा मार्ग शोधला. शंका आली की ते दुसरं औषध देतात. फोन थांबले.

स्वयंसेवकांनी मला जितकं शिकवलं तितकं यंत्रांनी नाही. बाटलीचंच बघा. डोंबिवली-कल्याणहून येणारी मुलं सकाळच्या लोकलच्या गर्दीत ती बाटली तीन कॅरीबॅगांत गुंडाळून पोटाशी धरून आणायची. एकाची बाटली दादरला धक्क्यात सांडली, निम्मी गेली, आणि हा बिचारा दारात ओशाळा होऊन उभा. आम्ही उरलेली घेतली. गुणोत्तराची गंमत हीच आहे की एकूण लघवी किती यावर ते फारसं अवलंबून नसतं. वरचा आकडा आणि खालचा आकडा एकाच बाटलीतले. परदेशातल्या सुसज्ज विभागांनी सोयीसाठी घेतलेला हा आधार मध्य रेल्वेवर आम्हाला तारून गेला.

पुढचं काम प्रयोगशाळेत. लघवी मोजायची, थोडी छोट्या नळ्यांत भरून उणे २० अंशांवर ठेवायची. डेक्स्ट्रॉर्फन लघवीत बहुतेक साखरेच्या एका रेणूला जोडलेलं असतं. ते सोडवायला रोमन गोगलगायीपासून मिळवलेलं एक एन्झाइम घालायचं आणि नळ्या ३७ अंशांवर रात्रभर ठेवायच्या. सकाळी इन्क्युबेटर उघडल्यावर येणारा वास सांगण्यासारखा नाही. मग एचपीएलसीवर, म्हणजे द्रव्यं वेगळी करणाऱ्या यंत्रावर, नमुना चढवायचा आणि पडद्याकडे बघत बसायचं. सपाट रेघ चालत राहते, मग डेक्स्ट्रॉर्फनचा उंच सुळका येतो, काही मिनिटांनी डेक्स्ट्रोमेथॉर्फनचा बुटका उंचवटा. शेकडो नमुन्यांत हाच क्रम. मंद माणसाचा नमुना लागला की पहिला सुळका बसका आणि दुसरा डोकं वर काढून. आकडेमोड करायचीही गरज नसते. आमचा तंत्रज्ञ अशा वेळी शेजारच्या खोलीतल्यांना हाक मारून बोलवायचा.

सिप १ए२ साठी प्रोब म्हणजे कॅफीन. कागदावर याहून सोपं काही नाही: गोळी द्यायची, काही तासांनी लाळ किंवा रक्त घ्यायचं, कॅफीनपासून पॅराझँथिन किती झालं ते बघायचं. अट एकच, आदल्या दिवसापासून चहा, कॉफी, चॉकलेट, कोला बंद. ज्या रुग्णालयात सकाळचा पहिला राउंड कटिंगशिवाय सुरू होत नाही तिथे ही अट! डोस देण्याआधी आम्ही एक कोरा नमुना घ्यायचो, आणि एका मुलाच्या कोऱ्या नमुन्यात कॅफीनचा भलामोठा सुळका निघाला. मुलगा शपथेवर सांगत होता, चहाचा घोट नाही घेतला. तो खरंच बोलत होता. रोज चार-पाच चहा पिणाऱ्याचा चहा तुटला, संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं, म्हणून त्याने कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून डोकेदुखीची गोळी आणून घेतली. त्या गोळीत कॅफीन होतं. चहा बंद केला म्हणून डोकं दुखलं आणि डोकं दुखलं म्हणून कॅफीन पोटात गेलं. त्याला दोष तरी काय देणार?

दुसऱ्या एका अभ्यासात एका तरुणीचं कॅफीन उतरायलाच तयार नव्हतं. फॉर्मवर 'सध्या चालू औषधे' समोर 'नाही' लिहिलं होतं. आमच्यातल्या एका वयस्कर सिस्टरने तिला बाजूला नेऊन दोन मिनिटं गप्पा मारल्या आणि परत येऊन सांगितलं, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत. या गोळ्यांनी १ए२ मंदावतं, कॅफीन जवळपास दुप्पट वेळ रेंगाळतं. मुलीने काही लपवलं नव्हतं. तिच्या लेखी औषध म्हणजे आजारासाठी घेतात ते. तेव्हापासून आमची प्रश्नावली बदलत गेली. 'औषधे घेता का?' हा प्रश्न मागे गेला. घरात रोज कोणत्या गोळ्या-पुड्या-बाटल्या उघडता, काढा घेता का, मैत्रिणीने सांगितलेलं काही चालू आहे का, असे प्रश्न पुढे आले. 'धूम्रपान' या शब्दाला बायका हसून मान हलवायच्या. मिश्री लावता का विचारलं की खरी उत्तरं मिळायची. धुराने १ए२ चेकाळतं हे पक्कं ठाऊक आहे, अगदी इतकं की क्लोझापिन घेणाऱ्या पेशंटने सिगारेट सोडली की रक्तातलं औषध चढतं. मिश्रीचा हिशेब वेगळा करायला हवा, म्हणून आम्ही त्या बायकांना अभ्यासात घेत नव्हतो. ते काम कुणीतरी करायला हवं.

आणि पपनस. परदेशी प्रोटोकॉलमध्ये ग्रेपफ्रूट खाऊ नये असं हमखास लिहिलेलं असतं. कॅनडातल्या लंडन शहरात डेव्हिड बेली यांच्या गटाने फेलोडिपिन आणि मद्य यांच्या अभ्यासात मद्याची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि औषधाची रक्तातली पातळी भलतीच चढली. त्यातून हे प्रकरण उघडकीला आलं. रसामुळे आतड्याच्या अस्तरातलं सिप ३ए४ बंद पडतं. आमच्या स्वयंसेवकांपैकी बहुतेकांनी ग्रेपफ्रूट डोळ्यांनी पाहिलेलंही नव्हतं. पण गणपतीच्या दिवसांत घरोघरी पपनस येतं, आणि त्यातही तीच द्रव्यं असतात. आम्ही मराठी माहितीपत्रकात ग्रेपफ्रूट खोडून पपनस लिहिलं. एथिक्स कमिटीतल्या वकील सदस्याने त्यावर तीन प्रश्न विचारले, आणि पुढच्या बैठकीला मीच एक सोललेलं पपनस घेऊन गेले.

याच ३ए४ ने त्या म्हणीवरचा माझा विश्वास डळमळीत केला. मिडाझोलाम हे त्याचं प्रोब, एरिथ्रोमायसिनची श्वासचाचणी हेही त्याचंच. दोन्ही एकाच एन्झाइमचं मोजमाप, तर उत्तरं जुळायला हवीत. जुळत नाहीत, निदान धडपणे नाहीत. तोंडाने घेतलेलं मिडाझोलाम आतडं आणि यकृत दोघांची कहाणी सांगतं, शिरेतून दिलेलं मुख्यतः यकृताची. काही औषधं पेशीत शिरायलाच वाहक प्रथिनांवर अवलंबून असतात, मग एन्झाइम कितीही तल्लख असलं तरी दारातच खोळंबा. भात एका पातेल्यात शिजलेला असतो म्हणून एक शीत पुरतं. इथे पातेली निरनिराळी. २डी६ चं प्रोब त्या मानाने इमानदार, ३ए४ ची प्रोबं राजकारणी. त्यामुळे "प्रोबवरून डोस सांगा" अशी मागणी आली की मी आधी एन्झाइम विचारायचे आणि बऱ्याचदा नम्रपणे नकार द्यायचे.

मग जनुकीय चाचण्या आल्या आणि आमची बाटली एकदम जुनाट दिसू लागली. गालाच्या आतून बोळा फिरवा, जनुक वाचा, जन्मभराचं उत्तर मिळवा. लघवी नको, चहाबंदी नको. मलाही वाटलं, आता आपलं दुकान बंद करायची वेळ आली. त्याच काळात स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणारी एक पेशंट आमच्याकडे पाठवली गेली. टॅमॉक्सिफेनपासून एंडॉक्सिफेन हे खरं कामाचं द्रव्य तयार व्हायला २डी६ लागतं. बाईंचा जनुकीय अहवाल छान, गुळगुळीत कागदावर छापलेला: सामान्य. तरी कर्करोगतज्ज्ञांना कुठेतरी शंका होती. बाईंना अंगातून वाफा निघण्याचा त्रास होता, झोप नव्हती, मनही खचलेलं, आणि त्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी पॅरॉक्सेटिन सुरू केलं होतं. पॅरॉक्सेटिन २डी६ ला जवळजवळ गप्प करतं. अशा औषधांबरोबर डेक्स्ट्रोमेथॉर्फन देताना जपावं लागतं, म्हणून बाईंना दिवसभर विभागात बसवून, नाडी-रक्तदाब बघत चाचणी केली. पहिला सुळका बसका, दुसरा डोकं वर काढून. जनुकाने सामान्य ठरवलेली बाई त्या दिवशी पुरती मंद होती. पॅरॉक्सेटिन हळूहळू काढून व्हेनलाफॅक्सिन दिलं गेलं, काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा केली आणि गुणोत्तर खाली आलं.

२डी६ चा टॅमॉक्सिफेनच्या यशापयशाशी नेमका किती संबंध, यावर मोठमोठ्या अभ्यासांचं आजही एकमत नाही. त्यामुळे आम्ही बाईंचा जीव वाचवला असा दावा मी करणार नाही. पण ज्याचा फायदा-तोटा कळायला पाच-दहा वर्षं लागतात अशा औषधाच्या बाबतीत, आज एन्झाइम चालू आहे की बंद हे कळणं मोलाचं आहे, आणि ते जनुक सांगू शकत नव्हतं. आपल्याकडे पेशंटच्या पिशवीत तीन डॉक्टरांची औषधं असतात, आणि त्या तिघांची एकमेकांशी ओळखही नसते. तिथे हा प्रश्न रोजचा आहे.

उलट बाजूही तितकीच खरी. वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमारॉल घेणाऱ्याचं आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याचं मोजमाप, आपण थेट तपासतो, रक्तदाबाच्या गोळीचा परिणाम पट्टा बांधून कळतो, फेनिटॉइनची पातळी रक्तात मोजता येते. अशा ठिकाणी आधी प्रोब देऊन भविष्य सांगत बसणं म्हणजे हातच्या कंकणाला आरसा. आमच्या क्षेत्रातल्या बऱ्याच निबंधांत हा साधा विचार नसतो. त्यांत एन्झाइम असतं, गुणोत्तर असतं, पेशंट शेवटच्या परिच्छेदात उगवतो.

मंद निघालेल्या स्वयंसेवकाला काय सांगायचं यावर आमच्यात बरेच वाद झाले. रुग्णालयातलाच एक वॉर्डबॉय मंद निघाला. "म्हणजे माझं लिव्हर खराब?" हा त्याचा पहिला प्रश्न, दुसरा, "लग्नात सांगावं लागेल का?" दोन्हींचं उत्तर नाही. त्याला आम्ही एक कार्ड दिलं: कोडीन आणि ट्रॅमाडॉल यांनी तुमचं दुखणं नीट कमी होणार नाही. कोडीनचं मॉर्फीन करायला आणि ट्रॅमाडॉलमधून त्याचं दमदार रूप काढायला हेच एन्झाइम लागतं. पुढे त्याचा पाय मोडला. तो दुसऱ्या एका रुग्णालयात भरती झाला, रात्रभर ट्रॅमाडॉलची इंजेक्शनं झाली आणि तो कण्हतच राहिला. त्याने पाकिटातून कार्ड काढून दाखवलं. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी ते वाचून परत केलं आणि पुढचंही ट्रॅमाडॉलच लिहिलं. सकाळच्या डॉक्टरांनी ते बदललं. परत कामावर आल्यावर त्याने मला कार्डावर गोल शिक्का मारून मागितला. "शिक्का असला की वाचतात, मॅडम." तेव्हापासून आमच्या सगळ्या कार्डांवर शिक्का असतो.

आता पुष्कळ सुधारणा झाल्या आहेत. चार-पाच प्रोब एकत्र देणारी 'कॉकटेल्स' आली. पिट्सबर्ग, कूपर्सटाउन, कॅरोलिन्स्का, जिनीव्हा अशी त्यांची नावं आहेत. जिनीव्हाच्या कॉकटेलमध्ये डोस इतके लहान असतात आणि बोट टोचून कागदावर घेतलेले रक्ताचे थेंब पुरतात, की रात्रभराच्या बाटल्या वाहिलेल्या माझ्यासारखीला हेवा वाटावा. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे औषध द्यायचंच नाही, अंगात आपोआप येणारं काहीतरी मोजायचं. ५-फ्लुरोयुरॅसिल देण्याआधी रक्तातलं युरॅसिल तपासतात, कारण ते आणि औषध एकाच एन्झाइमच्या हातून जातात. ते एन्झाइम लंगडं असलेल्या पेशंटला पहिलाच डोस जिवावर बेतू शकतो. प्रोबचा याहून सरळ उपयोग मला माहीत नाही.

२डी६ साठीही असंच काहीतरी सापडलं आहे, आणि तेही बटाट्यात. बटाट्यातून सोलॅनिडीन नावाचं द्रव्य आपल्या रक्तात येतं आणि त्याचं रूपांतर २डी६ करतं. मंद माणसाच्या रक्तात सोलॅनिडीन साठलेलं असतं आणि त्याची पुढची रूपं जवळजवळ नसतात. एक रक्ताचा नमुना घेतला की काम झालं. एका बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा तरुण सहकारी खूश झाले. उपवासालासुद्धा बटाटा खाणारा आपला समाज, अडचण कसली? मी त्यांना आमच्या जुन्या स्वयंसेवकांची यादी काढायला लावली. त्यात शहा, मेहता, कोठारी भरपूर. जैन घरात बटाटा शिजत नाही, तिथे रक्तात सोलॅनिडीन येणार कुठून? म्हणून सध्या प्रश्नावलीचा नवा मसुदा चालू आहे, आणि त्यात कंदमुळांचे चार प्रश्न वाढले आहेत. वेफर्स, समोसा आणि वडापाव वेगवेगळे विचारायचे की एकाच रकान्यात, यावर अजून एकमत झालेलं नाही.